मुलांना मराठी शब्द लिहायला घरी कसं शिकवावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न साधारण चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या आईबाबांचे आणि आजी-आजोबांचे आहेत. बहुतेक उत्तरांमागे एकच गोष्ट आहे. मराठी लेखनातला मोठा भाग कानाने कळतो आणि थोडा भाग कानाने मुळीच कळत नाही. हे दोन भाग शिकवायचे मार्ग वेगळे आहेत. त्यांची गल्लत झाली की मूल पाटीपासून दूर पळायला लागतं.

सुरुवात कोणत्या वयात करावी?

अक्षर दाखवण्याआधी आवाजाचे खेळ हवेत. ते साडेतीन-चार वर्षांपासून खेळता येतात. शब्द बोलून त्याच्या टाळ्या वाजवायच्या: घा-ग-र, तीन टाळ्या, पो-ळी, दोन टाळ्या. भाजी निवडताना ‘म’पासून सुरू होणारं काय काय दिसतंय ते शोधायचं. पाच वर्षांचं झालं की शब्दांच्या भेंड्या खेळायच्या. भेंड्यांमुळे शेवटचं अक्षर पकडायची सवय लागते, आणि पुढे ऱ्हस्व-दीर्घ शिकताना तीच उपयोगी पडते.

इंग्रजी फोनिक्सच्या व्हिडिओंमध्ये शब्दाचा एकेक सुटा आवाज वेगळा काढतात. मराठीसाठी ते सुरुवातीला करू नका. आपल्या लिपीचा तुकडा म्हणजे अक्षर. ‘घा’चे ‘घ्’ आणि ‘आ’ असे दोन भाग करायची वेळ काना शिकवताना येते. त्याआधी मुलाला ते कृत्रिम वाटतं, आणि ते असतंही.

अ, आ, इ, ई या क्रमाने शिकवलं तर काय बिघडतं?

बिघडत काही नाही, पण मूल महिनाभर अक्षरं गिरवतं आणि त्याला एकही शब्द लिहिता येत नाही. वर्णमालेत आज १४ स्वर, २ स्वरादी (अं, अः), ३४ व्यंजनं आणि क्ष, ज्ञ मिळून ५२ वर्ण आहेत. एवढी रांग संपेपर्यंत वाट बघायला लावणं अन्याय आहे. त्याऐवजी सहा अक्षरांचा गट घ्या: म, क, स, न, र, ब. सोबत फक्त काना. एवढ्यावर मूल मामा, काका, बाबा, कान, नाक, मान, काम, मका, मासा, रस, बस, बारा, बकरा, कमान असे शब्द जुळवतं, आणि ते सगळे त्याला माहीत असतात.

दुसऱ्या गटात त, प, ट, ल, ण, आ, ई आणि दुसरी वेलांटी घ्या. आता आई, ताई, पाटी, पाणी, माती, साबण, ताट, टाकी लिहिता येतात. पहिली वेलांटी मुद्दाम मागे ठेवली आहे. त्याचं कारण ऱ्हस्व-दीर्घाच्या प्रश्नात येईल. तिसऱ्या गटात च, ड, ळ, ग, दुसरा उकार आणि एक मात्रा: काकू, चाकू, लाडू, पेरू, केळी, गाडी. एका गटाला दोन ते तीन आठवडे द्या. नवीन अक्षरं आली तरी जुन्या गटाचे शब्द रोज दोन-तीन यायलाच हवेत.

वर्णमालेचा क्रम गाण्यासारखा पाठ असू दे. पुढे शब्दकोश बघताना तो लागतोच.

सामान काय लागेल?

फार नाही, आणि विकतचं तर फारच थोडं.

एक परात आणि रवा. ३० सेंटिमीटरच्या परातीला २०० ते २५० ग्रॅम पुरतो. थर तीन-चार मिलिमीटरचा हवा, म्हणजे बोट फिरल्यावर तळ दिसतो. जास्त घातला तर कडा ढासळतात आणि अक्षर उमटत नाही. रवा कोरडा भाजून डब्यात ठेवला तर अळ्या होत नाहीत. आपल्याकडे धूळपाटीवर धुळाक्षरं काढूनच शिकायला सुरुवात व्हायची. परात हे तिचंच रूप आहे. चुकलं की परात हलवायची, खोडरबराची खूण राहत नाही. लाजऱ्या मुलांना याचा फार आधार वाटतो.

खरखरीत अक्षरं. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये बालघर सुरू केलं. त्यांच्या पद्धतीतली सँडपेपरची अक्षरं प्रसिद्ध आहेत. घरी करायला १२० नंबरचा सँडपेपर (दुकानात पॉलिश पेपर म्हणून मागा) किंवा पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने अक्षर काढून त्यावर रांगोळी भुरभुरवा आणि रात्रभर वाळू द्या. अक्षराची उंची दहा सेंटिमीटर ठेवा. मुलाने दोन बोटांनी, लिहायच्या दिशेने अक्षर गिरवायचं आणि गिरवतानाच आवाज म्हणायचा. नुसतं गिरवलं तर हात शिकतो, कान शिकत नाही.

सुटी अक्षरं. लग्नपत्रिकांचे जाड कागद सहा सेंटिमीटरच्या चौकोनात कापा. पहिल्या गटासाठी प्रत्येक अक्षराची दोन म्हणजे १२ कार्डं करा. काना, वेलांट्या, उकार, मात्रा मात्र पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर मार्करने काढा, म्हणजे त्या अक्षरावर ठेवता येतात. कान्याच्या तीन पट्ट्या पुरतात.

चिंचोके, गुंजा, बाटल्यांची झाकणं अक्षराच्या रेषेवर मांडायला छान, पण घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर नकोत. गुंजेचं बी विषारी असतं, तेव्हा लहान मुलांच्या घरात गुंजा टाळलेल्याच बऱ्या. कणकेच्या वळ्या करून अक्षर बनवणं सगळ्यात सोपं आणि बोटांना बळ देणारं.

बाराखडी तोंडपाठ आहे, पण मधलं ‘की’ दाखवलं तर वाचता येत नाही. असं का?

कारण ते गाणं आहे. ‘की’ला पोहोचायला मुलाला ‘क, का, कि’ म्हणत यावं लागतं. बाराखडी आडवी म्हणण्याऐवजी उभी खेळा. दुसऱ्या वेलांटीची एकच पट्टी घ्या आणि ती क, म, स, न, र, ब या कार्डांवर एकामागून एक ठेवत जा: की, मी, सी, नी, री, बी. खूण तीच आणि आवाजाचं शेपूटही तेच, हे मुलाला डोळ्यांनी दिसतं. तीन-चार दिवसांत मूल स्वतःच पट्टी मागून घेऊन न शिकवलेल्या अक्षरावर ठेवून बघतं. तो क्षण आला की समजा, मात्रा कळल्या.

उकाराबाबत एक सूचना. इतर अक्षरांना उकार पायाशी लागतो, ‘र’ला मात्र कमरेशी: रु, रू. ही दोन कार्डं स्वतंत्र करा, पट्टीने ती जमत नाहीत.

मूल पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे देतं. हे आळसाने होतं का?

मुळीच नाही. मूल कानाशी इमान राखतं. ‘कि’ म्हणताना आधी क् ऐकू येतो, मग इ. आणि लिहिताना वेलांटी डावीकडे. आवाज आणि हात यांचा क्रम इथे उलटा आहे, आणि हे मुलाला उघडपणे सांगितलं पाहिजे. कार्डांवर आधी अक्षर ठेवा, मग पट्टी डावीकडून सरकवत आणा. वहीत अक्षर आधी काढलं तर डावीकडे जागा उरत नाही, म्हणून ‘आधी काठी, मग अक्षर, मग टोपी’ असं म्हणत लिहू द्या. शाळेत दुसरा क्रम शिकवत असतील तर तोच पाळा. दोन क्रम एकत्र नकोत.

ऱ्हस्व-दीर्घ कसं शिकवायचं? ‘नीट ऐक’ म्हटलं तरी चुकतंच.

‘नीट ऐक’ हे वाक्य इथे सोडून द्या. ‘मीठ’ आणि ‘मिठात’ हे शब्द आपण बोलतो तेव्हा वेलांटीची लांबी बऱ्याच अंशी शब्दातल्या जागेवरून ठरते. मोठ्यांनाही ती कानाने सांगता येत नाही; त्यांना लेखी शब्द आठवतो आणि मग ऐकू आल्यासारखं वाटतं. मुलाकडे तो आठवणींचा साठा अजून नाही. त्याला जागा दाखवा.

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये त्यात आणखी ४ जोडले गेले. सहा-सात वर्षांच्या मुलाला अठरा नियम नकोत, तीन प्रश्न पुरतात. ते याच क्रमाने विचारायचे.

पहिला: हे शेवटचं अक्षर आहे का? असेल तर दीर्घ. पाटी, पाणी, काकू, लाडू, कवी, गुरू. अपवाद थोडे: आणि, नि, परंतु, तथापि. म्हणूनच दुसरी वेलांटी आणि दुसरा उकार आधी शिकवायचे. मूल जे शब्द सुरुवातीला लिहितं त्यात इ-उ बहुधा शेवटीच येतात आणि लिहिलेलं बरोबर निघतं.

दुसरा: या अक्षरावर अनुस्वार आहे का, किंवा लगेच पुढे जोडाक्षर आहे का? असेल तर ऱ्हस्व. चिंच, भिंत, लिंबू, खुंटी; शिस्त, कुस्ती, मुक्काम.

तिसरा: दोन्ही नसेल तर शब्दाचं शेवटचं अक्षर बघा. ते मोकळं असेल तर त्याच्या आधीचं दीर्घ: मीठ, तूप, फूल, चूल, वीट, बहीण, जमीन, गरीब. शेवटच्या अक्षराला काना-मात्रा-वेलांटी असेल तर आधीचं ऱ्हस्व: दिवा, चुना, जिना, मुळा, विळी, सुरी.

आता हाताचं काम. ‘फूल’ कार्डांनी जुळवा. शेजारी ‘ला’ आणून ठेवा आणि विचारा, आता हा शब्द काय म्हणायचा? ‘फुलाला.’ ‘ल’ला काना लागला, तो आता मोकळा राहिला नाही, तेव्हा ‘फ’खालची मोठ्या उकाराची पट्टी काढून लहान पट्टी घालायची. असंच मीठ-मिठात, तूप-तुपात, बहीण-बहिणीला, वीट-विटा, विहीर-विहिरीत. ‘शेपूट वाढलं की आधीचं आखडतं’ असं मुलांच्या भाषेत सांगितलं तर लक्षात राहतं. पट्टी स्वतःच्या हाताने बदलणं हाच यातला खरा भाग आहे. तोंडी सांगून हे रुजत नाही. दिवसाला तीन जोड्या, दोन आठवडे.

मग पाहुणे शब्द. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आधीच्या अक्षराची आपली वेलांटी सोडत नाहीत: गुण, विष, मंदिर, मधुर इथे ऱ्हस्व, पूजा, परीक्षा, क्रीडा इथे दीर्घ. ‘शरीर’चं ‘शरीरात’च राहतं, आखडत नाही. यांच्यासाठी वेगळी काडेपेटी ठेवा आणि तिच्यावर ‘पाहुणे’ लिहा. एका वेळी दहाच शब्द. शब्द पाहुणा आहे हे मुलाने ओळखावं अशी अपेक्षा नको. ते तुम्ही सांगायचं. हे शब्द डोळ्यांनीच लक्षात राहतात, म्हणून ते परातीत काढणं, डोळे मिटून पुन्हा काढणं, मग उघडून बघणं असा क्रम ठेवा.

मूल ‘करतो’ला ‘कर्तो’ आणि ‘चमचा’ला ‘चम्चा’ लिहितं.

तुम्ही स्वतः म्हणून बघा. आपण ‘कर्तो’च म्हणतो. मधला ‘अ’ बोलण्यात गळतो, लिहिण्यात राहतो. ही चूक करणाऱ्या मुलाचा कान तयार आहे, एवढं आधी मनात धरा आणि मगच दुरुस्ती करा.

दुरुस्ती अशी: क्रियापद असेल तर त्याचा मूळ तुकडा शोधायचा. ‘तू हे काम कर’ यात ‘कर’, म्हणून कर-तो, कर-ते, कर-ला नाही पण बस-ला, बस-तो. ‘कर’ची दोन कार्डं आधीच जोडून चिकटवली की ‘र’ मोडत नाही. ‘चमचा’, ‘करवत’, ‘कापसाचा’ यांसारख्या शब्दांना संथ टाळ्या: च-म-चा, तीन टाळ्या, तीन चौकटी. खऱ्या जोडाक्षराच्या ‘पुस्तक’ला पु-स्त-क अशाच टाळ्या पडतात, म्हणून दोन्ही शब्द शेजारी ठेवून म्हणून घ्या.

न-ण, ल-ळ, श-ष यांत गोंधळ होतो. घरात ‘पानी’च म्हणतात, मग?

घरची बोली चूक नाही. वऱ्हाडीत ‘डोळा’चं ‘डोया’ होतं, कितीतरी घरांत ‘पानी’ म्हणतात, आणि मुलाने आजीसारखं बोलावं यात वाईट काय? ‘आपण असं बोलतो, पुस्तकात असं लिहितात’ एवढंच सांगा. ‘गावठी बोलू नकोस’ असं एकदा म्हटलं की मूल तोंड उघडायचंच कमी करतं, आणि न बोलणाऱ्या मुलाला लिहायला शिकवणं अवघड.

ण आणि ळ आरशासमोर शिकवा. जीभ टाळूकडे मागे वळते, ती तोंड उघडं ठेवून दिसते. बाल-बाळ, मन-मण, काल-काळ अशा जोड्या घ्या. तुम्ही बोला, मुलाने योग्य कार्ड उचलायचं. दहापैकी आठ वेळा बरोबर आलं की मगच लिहायला द्या.

श-षचं तसं नाही. आज त्यांचे उच्चार बहुतेकांच्या तोंडी सारखेच आहेत. तिथे कानाला दोष देऊ नका. ‘ष’चे नेहमीचे शब्द मोजके आहेत: षटकोन, विष, भाषा, वर्ष, पुरुष, कृषी, औषध, मनुष्य. यांचं वेगळं पाकीट करा. ट-ठच्या आधी बहुधा ‘ष’ असतो: कष्ट, गोष्ट, पृष्ठ. एवढी खूण पुरते. ‘मास्तर’मधला ‘स्त’ वेगळा, हे टाळ्यांमध्ये ऐकू येतं.

‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत (चमचा-चिमणी, जाळं-जेवण), पण लिहायचं अक्षर एकच. एका कार्डावर दोन्ही चित्रं काढा, विषय संपला.

क-ख, त-थ कानाला वेगळे वाटत नाहीत. काय करावं?

तोंडासमोर दोन बोटं अंतरावर कागदाची पातळ पट्टी धरा. ‘क’ म्हणताना ती जवळजवळ स्थिर राहते, ‘ख’ला फडफडते. त-थ, च-छ, ट-ठ यांनाही हेच. ‘फ’ला ही युक्ती नेहमी चालत नाही, कारण हल्ली बरेच जण तो दात ओठावर टेकवून म्हणतात.

अनुस्वार कुठे द्यायचा?

आंबा, पंखा, घंटा, चिंच, दंत या सगळ्यांत नाकातला आवाज वेगवेगळा आहे, खूण मात्र एकच टिंब. मूल ‘आम्बा’ लिहितं तेव्हा त्याने बरोबर ऐकलेलं असतं. नाक चिमटीत धरून शब्द म्हणायचा. जिथे अडकतं त्याच्या आधीच्या अक्षरावर टिंब. लाल झाकणं टिंबांसाठी वापरा.

‘केलं’, ‘झालं’ यांच्यावरचं टिंब नाकातलं नाही, ते बोलण्यातल्या लांबलेल्या ‘अ’चं आहे. पाठ्यपुस्तकात ‘केले’, गोष्टीत ‘केलं’ दिसेल. दोन्ही चालतात, नुसतं ‘केल’ चालत नाही.

जोडाक्षरांना मुलं घाबरतात.

दंडाची अक्षरं आधी घ्या: स, त, प, न, म, ग, च. कार्डावर अक्षर असं काढा की उभा दंड उजव्या कडेला येईल. कार्ड दंडाच्या आत मागे दुमडलं की ‘स’चा ‘स्’ होतो आणि शेजारी ‘त’ ठेवला की ‘स्त’. मुलाने स्वतः दुमडायचं. पुस्तक, रस्ता, बत्ती, कच्चा, अम्मा, मग्न हे पहिले शब्द. त्यानंतर क आणि फ, यांचा नुसता हूक आखडतो: पक्का, मुक्काम. ट, ड, द यांना पाय मोडून किंवा खाली जोडून.

‘र’ सगळ्यात शेवटी, आणि एकेक रूप आठवड्याच्या अंतराने: चक्र, मग ट्रक, मग अर्धा, मग ऱ्य. शेवटच्या दोघांचा फरक एका जोडीने कळतो: दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. पहिल्यात ‘र’च्या आधीच्या ‘द’वर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. हे सात वर्षांआधी नको.

श्रुतलेखन किती आणि कसं घ्यावं?

आठवड्यातून दोनदा, पाच शब्द आणि एक छोटं वाक्य, दहा मिनिटांत. तुम्ही शब्द म्हणा, मुलाने तो परत म्हणायचा, टाळ्या वाजवायच्या, तेवढ्या चौकटी आखायच्या आणि मग लिहायचं. परत म्हणणं गाळलं जातं आणि निम्म्या चुका तिथेच होतात.

तपासताना लाल पेन बाजूला ठेवा. शब्द कार्डांनी बरोबर जुळवून शेजारी ठेवा आणि वेगळं काय आहे ते मुलाला शोधू द्या. चूक कोणत्या जातीची आहे तेवढं तुम्ही टिपून ठेवा: अक्षर गाळलं, ऱ्हस्व-दीर्घ, की पाहुणा शब्द? गाळलेल्या अक्षरावर टाळ्यांचा इलाज, ऱ्हस्व-दीर्घावर तीन प्रश्नांचा, पाहुण्यावर परातीचा. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावू नका. सहाव्या वेळेपासून मूल एकेक अक्षर खाली उतरवत जातं, शब्द डोक्यात राहत नाही.

घ-ध, भ-म, ब-व उलटसुलट होतात. काळजी करावी का?

सात वर्षांपर्यंत सहसा नाही. दिसायला सारखी अक्षरं एकाच आठवड्यात शिकवू नका. एक पक्कं झाल्यावर तीन आठवड्यांनी दुसरं. घ-ध आणि भ-म या जोड्यांत शिरोरेषा कुठे तुटते ते बोटाने दाखवा: ध आणि भ यांच्या डोक्यावर ती तुटते, घ आणि म यांच्यावर सलग असते.

सात-आठ वर्षांनंतर, सहा महिने नियमित सराव करूनही मूल सोपे दोन अक्षरी शब्द चुकत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. त्यानंतर अध्ययन अक्षमतेची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांकडे जा. उशीर करण्यात फायदा नाही. अशा मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीही मिळतात.

पुस्तकातला ‘ल’ आणि ‘श’ मोबाइलवर वेगळा दिसतो. कोणता शिकवायचा?

६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी ठरवला. अनेक फॉन्ट हिंदी वळणाची रूपं दाखवतात. लिहायला मराठी वळण शिकवा, वाचायला दोन्ही ओळखू येऊ द्या.

मूल इंग्रजी माध्यमात किंवा परदेशात आहे. दोन्ही लिप्या एकदम चालतील?

चालतात, फक्त वेळ वेगळी ठेवा आणि शक्य असेल तर माणूसही वेगळा: मराठी आजीबरोबर, इंग्रजी बाबांबरोबर. परदेशात वाढणाऱ्या मुलांना त-ट आणि द-ड सर्वांत जड जातात, कारण इंग्रजीत या जोड्या नाहीत. ‘त’ला जीभ दातांना टेकते, ‘ट’ला वर टाळूला, आरसा आणि ताट-टाटा, दार-डाव अशा जोड्या रोज पाच मिनिटं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून द्यायची सवय लावू नका. ‘kal’मध्ये काल आहे की काळ, कल आहे की कळ, हे त्यातून कळत नाही.

रोज किती वेळ द्यावा?

पंधरा मिनिटं: पाच आवाजाच्या खेळाला, सात कार्डांना किंवा परातीला, तीन लिहायला. मूल मध्येच उठलं तर उठू द्या, पण परात तिथेच राहू द्या.